मॅटलॅब-ऑक्टेव्हची स्क्रिप्ट पायथन किंवा जावातून चालवताना आकडे कुठे बिघडतात

मॅटलॅब किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं, मोफत ऑक्टेव्ह या गणिती भाषांत लिहिलेलं गणित आणि ते वापरणारा पायथन, जावा किंवा सी शार्पमधला प्रोग्रॅम, ही जोडी फार ठिकाणी दिसते. फिल्टर, कर्व्ह फिटिंग, ऑप्टिमायझेशन असं काहीतरी एखाद्या डॉट एम फाइलीत असतं आणि अनेकांनी वापरून ते तावून-सुलाखून घेतलेलं असतं. सर्व्हर, डेटाबेस, रिपोर्ट हे सगळं मात्र दुसऱ्या भाषेत. गणित त्या भाषेत उतरवायचं तर नुसतं लिहून भागत नाही, सगळी पडताळणी पहिल्यापासून करावी लागते. म्हणून स्क्रिप्ट आहे तशी ठेवून बाहेरून चालवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

स्क्रिप्ट सुरू करणं हे एका ओळीचं काम आहे. जपायचं ते आकडे या भाषेतून त्या भाषेत जाताना. प्रोग्रॅम कोसळला तर निदान समजतं. पण मॅट्रिक्सच्या रो-कॉलमची अदलाबदल झाली, शेवटचे अंक गळाले, भागाकार गुपचूप पूर्णांकात झाला, तरी उत्तर येतच राहतं आणि दिसायला ठीकठाक असतं. या लेखाचा भर अशा चुकांवर आहे. कमांड, ऑप्शन आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीत द्यायची.

मार्ग कोणता घ्यायचा

मार्ग चार आहेत. पहिला म्हणजे दर वेळी नवी प्रोसेस सुरू करायची. ती इनपुट फाइल वाचते, गणित करते, आउटपुट फाइल लिहिते आणि संपते. दुसरा, एकच प्रोसेस जिवंत ठेवून तिच्याशी पाइपमधून (दोन प्रोसेसना जोडणाऱ्या वाटेतून) बोलत राहायचं. तिसरा फक्त मॅटलॅबसाठी, म्हणजे त्याचं इंजिन एपीआय, दुसऱ्या भाषेतून मॅटलॅबला थेट बोलावायची सोय. पायथनसाठी ते आर२०१४बी या आवृत्तीपासून मिळतं, जावासाठी आर२०१६बीपासून. चौथा, कोड कंपाइल करून मॅटलॅब रनटाइमवर चालवायचा, किंवा ऑक्टेव्हचा इंटरप्रिटर आपल्या सी प्लस प्लस प्रोग्रॅममध्येच बसवायचा.

सुरुवात पहिल्या मार्गानेच करावी, असं माझं ठाम मत आहे. स्क्रिप्टने मेमरी संपवली किंवा ती कोसळली तरी मुख्य प्रोग्रॅम उभा राहतो. काही चुकलं तर तीच इनपुट फाइल हाताने देऊन स्क्रिप्ट एकटी चालवून बघता येते, आणि या एका सोयीने तपास निम्म्यावर येतो. किंमत फक्त प्रोसेस सुरू व्हायच्या वेळेची. ऑक्टेव्ह पटकन उठतं, मॅटलॅबला काही सेकंद लागतात. गणितालाच दोन मिनिटं लागत असतील तर ते सेकंद कुठेच लागत नाहीत. मिनिटाला दोनशे छोटे कॉल असतील तरच दुसऱ्या किंवा तिसऱ्या मार्गाकडे वळावं.

आधी स्क्रिप्टचं फंक्शन करा

नुसती स्क्रिप्ट ज्या वर्कस्पेसमध्ये चालते तिथले व्हेरिएबल वाचते आणि तिथेच लिहिते. ती काय घेते आणि काय देते, हे फाइल बघून कळत नाही. म्हणून मूळ गणित एका फंक्शनमध्ये गुंडाळा आणि त्याच्याभोवती एक पातळ आवरण लिहा. समजा त्याचं नाव रन_जॉब. हे आवरण इनपुट फाइलीचा पत्ता घेतं, फाइल वाचतं, प्रत्येक व्हेरिएबलचा आकार आणि प्रकार तपासतं, गणिताचं फंक्शन बोलावतं आणि निकाल लिहितं. बाहेरच्या प्रोग्रॅमला फक्त हे आवरण माहीत असावं, आतलं काही नाही.

फाइलीच्या नावात डॅश नको. ॲनालिसिस-२ अशा नावाची फाइल नावाने बोलावली की इंटरप्रिटर त्याचा अर्थ 'ॲनालिसिस वजा २' असा लावतो. नावाची सुरुवात आकड्यानेही चालत नाही. ऑक्टेव्हमध्ये फाइलीची पहिली आज्ञाच फंक्शनची व्याख्या असेल तर ती फाइल स्क्रिप्ट न मानता फंक्शन-फाइल मानली जाते. स्क्रिप्टच्या आत फंक्शन लिहायची असतील तर अगदी वर नुसतं १ आणि अर्धविराम अशी एक निरुपद्रवी आज्ञा टाकायची पद्धत आहे.

पत्ते आवरणापर्यंत कसे पोचवायचे? कमांडच्या मजकुरात जोडू नका. पत्त्यात एखादी मोकळी जागा (स्पेस) असली, विंडोजची उलटी तिरकी रेघ असली, नावात अवतरणचिन्ह आलं, की शेलचे कोट आणि मॅटलॅबचे कोट एकमेकांत अडकतात. ऑक्टेव्हमध्ये डबल कोटातल्या मजकुरात उलट्या रेघेपुढे एन आला तर नवी ओळ होते आणि टी आला तर टॅब. मग एन किंवा टी अक्षराने सुरू होणाऱ्या फोल्डरचा पत्ता मोडतो आणि फाइल सापडत नाही. एकेरी कोटात तसं होत नाही. यापेक्षा साधा उपाय म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, प्रोसेसला सुरू होतानाच मिळणारी नाव आणि किंमत अशी जोडी. बाहेरच्या प्रोग्रॅमने चाइल्ड प्रोसेसच्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये जॉब_इन आणि जॉब_आउट अशी दोन नावं भरायची आणि आवरणाने ती गेटएन्व्हने वाचायची. गेटएन्व्ह दोन्हीकडे आहे. कमांडमध्ये मग फक्त रन_जॉब एवढाच शब्द उरतो आणि कोटांचा प्रश्न मिटतो.

प्रोसेस सुरू करताना

ऑक्टेव्हसाठी ऑक्टेव्ह-सीएलआय ही खिडकीविना चालणारी आवृत्ती वापरा. सोबत --क्वाएट, --नोआरसी आणि --इव्हॅल हे तीन ऑप्शन द्या. नोआरसी दिल्यावर कुणाच्याही होम फोल्डरमधली ऑक्टेव्हआरसी फाइल वाचली जात नाही, त्यामुळे प्रत्येक मशीनवर वागणूक सारखी राहते. मात्र त्या फाइलीत कुणी सिग्नल पॅकेज लोड करून ठेवलं असेल तर तेही आता लोड होणार नाही. म्हणून पीकेजी लोडची ओळ आवरणातच लिहा. एकाच्या मशीनवर चालतं आणि सर्व्हरवर फंक्शन सापडत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

मॅटलॅबला आर२०१९एपासून -बॅच हा ऑप्शन आहे. तोच वापरा. दिलेली आज्ञा संपली की मॅटलॅब आपणहून बंद होतं आणि एरर आली तर एक्झिट कोड (प्रोसेस संपताना देते तो आकडा) शून्याव्यतिरिक्त देतं. जुन्या -आर ऑप्शनमध्ये एरर आल्यावर मॅटलॅब प्रॉम्प्टवर थांबून राहतं, कुणी काही टाइप करेल याची वाट बघत. बाहेरचा प्रोग्रॅमही मग तसाच ताटकळतो. जुन्या आवृत्तीवर काम करायचंच असेल तर सगळं ट्राय-कॅचमध्ये घालून दोन्ही वाटांवर एक्झिट लिहावं लागतं, आणि विंडोजवर -वेटही द्यावं लागतं, कारण तिथे सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम लगेच संपतो आणि काम झालं असा भास होतो. आणखी एक: बॅचपुढे फाइलीचं नाव डॉट एम न लावता द्यायचं. डॉट एम लावलं की मॅटलॅब ते स्ट्रक्टमधलं एम नावाचं फील्ड समजतं आणि एरर देतं. सुरुवातीचं फोल्डर -एसडीने स्पष्ट सांगा.

स्टँडर्ड इनपुट बंद ठेवा, म्हणजे पायथनमध्ये स्टडइनला डेव्हनल द्या. स्क्रिप्टमध्ये कुठे इनपुट, पॉज किंवा कीबोर्ड राहून गेलं असेल तर ती निरर्थक वाट बघत बसणार नाही.

आता पाइपबद्दल थोडं सविस्तर, कारण कधी चालणारा आणि कधी अडकणारा प्रोग्रॅम बहुधा इथेच अडकलेला असतो. चाइल्ड प्रोसेस जे छापते ते कर्नलच्या बफरमध्ये जातं. लिनक्सवर हा बफर साधारणपणे ६५,५३६ बाइटचा असतो. मुख्य प्रोग्रॅम तो उपसत नसेल आणि नुसता प्रोसेस संपायची वाट बघत असेल, तर बफर भरताच चाइल्ड लिहिता लिहिता थांबते. दोघंही एकमेकांची वाट बघत राहतात. छोट्या इनपुटवर छापील मजकूर कमी असतो, म्हणून चाचणीत सगळं चालतं. खऱ्या डेटावर कुठल्याशा ओळीला अर्धविराम नसल्यामुळे पूर्ण मॅट्रिक्स छापली जाते आणि प्रोग्रॅम गोठतो. पायथनमध्ये पीओपन करून पाइप देऊन नुसतं वेट केलं की हेच होतं. तिथे सबप्रोसेस डॉट रन किंवा कम्युनिकेट वापरा. जावात प्रोसेसबिल्डरची एरर स्ट्रीम आउटपुटमध्ये मिसळून घ्या आणि सगळं थेट लॉग फाइलीकडे वळवा. मला हाच उपाय सगळ्यात जास्त पटतो. वाचणारा थ्रेड लिहायला नको, आणि पुढे काय झालं होतं ते बघायला लॉग हाताशी राहतो.

टाइमआउट नक्की ठेवा, पण तो झाल्यावर प्रोसेस खरोखर मरते का तेही बघा. जावातलं वेळमर्यादा दिलेलं वेटफॉर फक्त फॉल्स परत करतं, मारत कुणालाच नाही. ते काम डिस्ट्रॉयफोर्सिब्लीचं. शिवाय लिनक्सवर मॅटलॅब ही कमांड मुळात एक शेल स्क्रिप्ट आहे. तेवढी मारून आतलं गणित सुरूच राहू शकतं. पायथनमध्ये स्टार्ट_न्यू_सेशन देऊन पूर्ण प्रोसेस ग्रुपला किल पाठवा. जावा ९पासून प्रोसेसहँडलमध्ये डिसेंडंट्स मिळतात, त्यांना एकेक करून थांबवा.

निकाल स्वीकारण्याआधी एक्झिट कोड शून्य आहे का ते तपासा, मग फाइल आहे का, मग अपेक्षित व्हेरिएबल त्यात आहेत का. आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने त्याच फोल्डरमध्ये लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल कुणी उचलणार नाही. प्रत्येक कॉलला स्वतंत्र तात्पुरतं फोल्डर द्या. दोन कॉल एकाच फाइलीवर लिहायला लागले तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर जातं.

आकड्यांची ने-आण

पायथनकडून मॅट फाइल (मॅटलॅबचा स्वतःचा डेटा फॉरमॅट) हा सगळ्यात सरळ रस्ता. सायपाय या पायथन लायब्ररीतलं सेव्हमॅट लिहितं, लोडमॅट वाचतं. ऑक्टेव्हमध्ये सेव्ह करताना -व्ही७ द्यायला विसरू नका. ते न दिल्यास ऑक्टेव्ह स्वतःच्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये लिहितं आणि लोडमॅट ते वाचत नाही. मॅटलॅबची ७.३ ही मॅट फाइल आतून एचडीएफ५ असते, तीही लोडमॅटला चालत नाही. ती एच५पायने उघडावी लागते आणि त्यात मॅट्रिक्सच्या मिती उलट क्रमाने दिसतात. मग ७ का वापरायची? साधी आहे आणि दोन्हीकडे चालते. मर्यादा एकच, एक व्हेरिएबल २ जीबीच्या आत हवा. त्याहून मोठा असला तर मॅटलॅब फक्त इशारा छापतं आणि तो व्हेरिएबल वगळून फाइल लिहितं. एरर नाही, एक्झिट कोड शून्य. वर व्हेरिएबल तपासायला सांगितलं ते याचसाठी.

आता प्रकारांकडे. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या ॲरेत ७ आणि २ असे दशांशचिन्ह नसलेले आकडे असतील तर ते इंट६४, म्हणजे ६४ बिटांचे पूर्णांक म्हणून पोचतात (नमपाय २च्या आधी विंडोजवर इंट३२). मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये पूर्णांकांचा भागाकार जवळच्या पूर्णांकाकडे जातो, त्यामुळे ७ भागिले २ चं उत्तर ४ येतं. जावा हेच ३ देतं, पायथन ३.५ देतं. तीन भाषा, तीन उत्तरं, आणि एकीकडूनही तक्रार नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने सगळं डबल (६४ बिटांचा दशांश आकडा) आहे असंच गृहीत धरलेलं असतं, कारण मॅटलॅबमध्ये नुसतं ७ लिहिलं तरी ते डबल असतं. म्हणून सेव्हमॅटच्या आधी ॲरे फ्लोट६४ (नमपायमधलं डबल) करा, आणि आवरणातही डबल करून घ्या. दोन्हीकडे केल्याने काही बिघडत नाही.

उलट दिशेलाही एक अडचण आहे. डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३वा घात, इथपर्यंतचे सगळे पूर्णांक नेमके बसतात. त्यापुढचा ९००७१९९२५४७४०९९३ बसत नाही, तो आधीच्या आकड्यावर येऊन पडतो. डेटाबेसचे मोठे आयडी गणितात पाठवूच नका. रो कितवा आहे तेवढं पाठवा आणि परत आल्यावर आयडी जुळवून घ्या. तसं करताना तिकडे मोजणी १पासून आणि इकडे ०पासून आहे हे एकाच ठिकाणी, आवरणाला लागून असलेल्या कोडमध्ये सांभाळा. दोन ठिकाणी वजा एक झालं तर शेजारच्या रोचा निकाल येतो, आणि तोही अगदी खरा वाटतो.

एकमितीय ॲरेचा आकार हा नेहमीचा घोटाळा. नमपायमध्ये एन आकड्यांची नुसती रांग असते, मॅटलॅबमध्ये किमान दोन मिती असतातच. सेव्हमॅट ती रांग १×एन अशी रो करून लिहितं. स्क्रिप्टने कॉलम अपेक्षिला असेल तर काय होतं बघा. फॉर लूप मॅटलॅबमध्ये कॉलम-कॉलमने फिरतो, म्हणून १×एनवर एन वेळा आणि एन×१वर एकदाच फिरतो. वजाबाकीची गत आणखी वाईट. रोमधून कॉलम वजा केला तर एरर येत नाही, एन×एन मॅट्रिक्स तयार होते. एन १०,००० असेल तर दहा कोटी आकडे, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८०० एमबी. सर्व्हरची मेमरी अचानक का संपली याचं उत्तर कधी कधी एका ट्रान्सपोजमध्ये (रो-कॉलमच्या अदलाबदलीत) असतं. आवरणात शिरताच प्रत्येक व्हेक्टर कंसात कोलन लावून कॉलम करून घ्या.

परत येताना लोडमॅट एकुलता आकडासुद्धा १×१ ॲरे म्हणून देतं, आणि स्ट्रक्टच्या आत जायला शून्य-शून्य इंडेक्सांची माळ लागते. सायपाय १.५पासून सिंप्लिफाय_सेल्स हा ऑप्शन आहे, तो ट्रू केला की सरळ डिक्शनरी मिळते. शब्दांची ॲरे पाठवली तर ती एकसारख्या लांबीची, मागे रिकाम्या जागा भरलेली कॅरेक्टर मॅट्रिक्स होते. सेल ॲरे (वेगवेगळ्या लांबीचे शब्द ठेवता येणारी) हवी असेल तर नमपायमध्ये ऑब्जेक्ट प्रकाराची ॲरे करून द्या. देवनागरी मजकूर पाठवत असाल तर 'मराठी' या शब्दाची लांबी ऑक्टेव्ह १५ सांगतं, कारण ते यूटीएफ-८चे बाइट मोजतं. पायथन आणि मॅटलॅब ५ सांगतात. मजकूर कापणारा कोड स्क्रिप्टमध्ये ठेवू नका.

जावाच्या मूळ लायब्ररीत मॅट फाइल वाचायची सोय नाही. एमएफएलसारखी बाहेरची लायब्ररी घ्यायची नसेल तर साधी बायनरी फाइल पुरते. आधी रोंची संख्या, मग कॉलमची संख्या, मग सगळे डबल ओळीने. इथे दोन गोष्टी चुकतात.

पहिली म्हणजे बाइटचा क्रम. जावातला बाइटबफर आणि डेटाआउटपुटस्ट्रीम मोठा बाइट आधी लिहितात, नेहमीच्या मशीनवर एफरीड लहान बाइट आधी वाचतं. १.० लिहून वाचल्यावर साधारण ३.०४×१०⁻³¹⁹ असा विलक्षण छोटा आकडा दिसला तर बाइट उलटे झालेत असं खुशाल समजा. ०.० मात्र उलटं केलं तरी ०.० राहतं, म्हणून शून्यांनी भरलेली चाचणी काही सांगत नाही. बाइटबफरला लिटल एंडियन (लहान बाइट आधी) असा क्रम स्पष्ट द्या. एफरीडलाही 'डबल' हा प्रकार स्पष्ट द्या, नाहीतर ते एकेक बाइट वेगळा आकडा म्हणून वाचतं.

दुसरी म्हणजे मेमरीतली मांडणी. क्लीव्ह मोलर यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी पहिलं मॅटलॅब फोरट्रानमध्ये लिहिलं आणि फोरट्रानची पद्धत मॅटलॅबमध्ये तशीच राहिली: मॅट्रिक्स कॉलम-कॉलमने साठवायची. सी, आणि काही वेगळं सांगितलं नाही तर नमपाय, रो-रोने साठवतात. पहिली रो १, २, ३ आणि दुसरी रो ४, ५, ६ अशी २×३ मॅट्रिक्स घ्या. सी आणि नमपाय ती फाइलीत १, २, ३, ४, ५, ६ अशी लिहितात. मॅटलॅबमध्ये २×३ म्हणून वाचली की पहिली रो १, ३, ५ आणि दुसरी २, ४, ६ होते. हे नुसतं ट्रान्सपोजही नाही, आकडेच विस्कटलेले आहेत. बरोबर वाचायची तर ३×२ म्हणून वाचा आणि मग ट्रान्सपोज करा. चौरस मॅट्रिक्समध्ये चूक नेमकी ट्रान्सपोजची होते, आणि मॅट्रिक्स सिमेट्रिक (ट्रान्सपोज केली तरी तीच राहणारी) असेल तर अजिबातच दिसत नाही. कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सवर चाचणी करून सगळं ठीक आहे असं मानणारा कोड पहिल्या असिमेट्रिक मॅट्रिक्सला फसतो.

टेक्स्टमधून आकडे पाठवायचे असतील तर फार जपून. डबल आकडा लिहून वाचल्यावर तोच मिळायला १७ सार्थ अंक लागतात, म्हणजे फॉरमॅट %.१७जी. डिस्पने छापलेला पाय ३.१४१६ असतो, तो उचलून पुढे गणित करणं म्हणजे अंक फेकून देणं. मॅटलॅबचं सीएसव्हीराइट पाचच सार्थ अंक लिहितं. १२३४५६.७८९ हा आकडा १.२३४६×१०⁵ होतो, म्हणजे १२३४६०. तीनाहून जास्तचा फरक, आणि फाइल उघडून बघणाऱ्याला तो लक्षातही येत नाही.

लोकेलचा, म्हणजे मशीनवरच्या देश-भाषेच्या सेटिंगचा प्रश्न याहून फसवा. जावातलं स्ट्रिंग डॉट फॉरमॅट मशीनच्या लोकेलप्रमाणे आकडा लिहितं. जर्मन लोकेलवर ३.१४ हे '३,१४' असं येतं. ऑक्टेव्हच्या आज्ञेत एक्स = ३,१४ असं गेलं तर स्वल्पविराम दोन आज्ञा वेगळ्या करतो. एक्स होतो ३, आणि १४ ही वेगळीच आज्ञा म्हणून चालते. चौकटी कंसात असेल तर एकाचे दोन आकडे होतात. एरर कुठेच नाही. जावात लोकेल डॉट रूट द्या, सी शार्पमध्ये इन्व्हेरिअंट कल्चर.

जेसन, म्हणजे डेटा टेक्स्टमध्ये लिहायचा एक फॉरमॅट, सोयीचं असतं (मॅटलॅबमध्ये आर२०१६बीपासून, ऑक्टेव्हमध्ये ७व्या आवृत्तीपासून), पण त्यात नॅन (मोजता न आलेला आकडा) आणि इन्फ (अनंत) नाहीत. जेसनएन्कोड दोघांनाही नल करून टाकतं, मग परत आलेला नल मुळात अनंत होता की मोजताच आला नव्हता हे कळत नाही. एकच आकडा असलेली यादी जेसनडीकोड करून पुन्हा एन्कोड केली की कंस जातात आणि नुसता आकडा उरतो, मग पलीकडे यादीची वाट बघणारा कोड मोडतो. सेटिंग्जसाठी जेसन चांगलं. मॅट्रिक्ससाठी मी ते सुचवणार नाही.

प्रोसेस जिवंत ठेवायची असेल तर

ऑक्टेव्ह पाइपमधून आज्ञा वाचत असताना एरर आली तर ते बंद होतं. म्हणून पाठवलेली प्रत्येक आज्ञा इव्हॅलमध्ये, एरर झाल्यास काय करायचं तेही सोबत देऊन पाठवा. प्रत्येक आज्ञेनंतर एक अनोखी खूण छापायला सांगा, दर वेळी नवीन आकडा असलेली, आणि ती दिसेपर्यंत वाचत राहा. छापल्यावर एफफ्लश हवाच, नाहीतर खूण बफरमध्येच बसून राहते. जावासाठी जावाऑक्टेव्ह याच पद्धतीने चालतं. पायथनसाठी ऑक्ट२पाय आहे, ते डेटाची ने-आण मॅट फाइलीतून करतं.

जिवंत प्रोसेसचा खरा धोका म्हणजे मागच्या कॉलची शिळी माहिती. ग्लोबल आणि पर्सिस्टंट व्हेरिएबल, बदललेला पाथ, उघड्या राहिलेल्या फाइली. शंभर-दोनशे कॉलनंतर प्रोसेस बंद करून नवी सुरू करायचा नेम ठेवा.

मॅटलॅब इंजिनमध्ये नेहमी आडव्या येणाऱ्या गोष्टी तीन. पायथनचा ४ इंट६४ होऊन जातो आणि एसक्यूआरटी इंट६४ घेत नाही, म्हणून ४.० द्या. पायथनची लिस्ट सेल ॲरे होते, मॅट्रिक्स हवी तर मॅटलॅब डॉट डबलमध्ये गुंडाळा. आणि इंजिन प्रत्येक कॉलकडून एक उत्तर अपेक्षितं. काहीच परत न देणाऱ्या फंक्शनला एनआर्गआउट शून्य दिलं नाही तर आउटपुट जास्त मागितल्याची एरर येते. मॅटलॅबची प्रत्येक आवृत्ती पायथनच्या ठरावीक आवृत्त्यांशीच जुळते, तेव्हा पायथन अपग्रेड करण्याआधी ते बघून घ्या. कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमचंही तसंच, ज्या आवृत्तीवर कंपाइल केलं तीच रनटाइम लागते.

मशीनवर सांभाळायचं

आठ कोअरवर आठ प्रोसेस सुरू केल्या आणि प्रत्येकीच्या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीने आठ थ्रेड उघडले की चौसष्ट थ्रेड आठ कोअरसाठी भांडतात आणि काम उलट हळू होतं. ऑक्टेव्हसाठी चाइल्डच्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये ओएमपी_नम_थ्रेड्स १ करा (ही सगळी अक्षरं मोठी), मॅटलॅबला -सिंगलकॉम्पथ्रेड द्या.

एलडी_लायब्ररी_पाथ पूर्ण सिस्टिमसाठी कधीच बदलू नका. मॅटलॅब स्वतःच्या सी प्लस प्लस लायब्ररी सोबत आणतं. त्या पुढे आल्या की भलताच प्रोग्रॅम जीएलआयबीसीएक्सएक्सची आवृत्ती सापडत नाही म्हणून बंद पडतो. गरज असेल तर फक्त त्या चाइल्डपुरतं द्या.

समांतर सिम्युलेशन चालवणाऱ्यांनी हे जरूर बघावं: मॅटलॅबची प्रत्येक नवी प्रोसेस रँडम आकड्यांची तीच मालिका घेऊन उठते. दहा प्रोसेसमध्ये दहा वेगळे नमुने मिळाले असं वाटतं, प्रत्यक्षात एकच नमुना दहा वेळा मोजलेला असतो आणि काढलेली अनिश्चितता खोटी असते. सीड (रँडम मालिका ज्यावरून सुरू होते तो आकडा) बाहेरून, प्रत्येक कॉलला वेगळा द्या आणि निकालासोबत लिहून ठेवा. इंटरप्रिटरची आवृत्तीही त्याच फाइलीत जाऊ द्या.

खऱ्या डेटाआधी पाठवायची मॅट्रिक्स

गणिताला हात लावण्याआधी, आलेला डेटा जसाच्या तसा परत पाठवणारं एक आवरण करा आणि त्यातून पुढच्या गोष्टी फिरवा: वरची २×३ मॅट्रिक्स, कारण ती चौरसही नाही आणि सिमेट्रिकही नाही. ०.१, म्हणजे अंक गळाले तर कळेल. नॅन, इन्फ आणि उणे इन्फ. एकच आकडा असलेली ॲरे. रिकामी ०×३ मॅट्रिक्स. ७ आणि २ हे पूर्णांक, आणि तिकडे केलेला त्यांचा भागाकार. परत आलेले डबल बिट-बिट जुळले पाहिजेत (नॅन सोडून, कारण नॅन स्वतःशीही समान नसतो, तो इझनॅनने तपासायचा). 'जवळपास सारखं' इथे चालवून घेऊ नका. गणित अजून झालेलंच नाही, तेव्हा शेवटच्या अंकात फरक पडायला काही कारण नाही. पडला असेल तर कुठेतरी टेक्स्ट मधे आलाय.

ही चाचणी प्रत्येक डिप्लॉयच्या वेळी, ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालणार आहे त्याच मशीनवर आणि त्याच लोकेलवर चालवा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ती पास होणं पुरेसं नाही, कारण स्वल्पविरामाचा घोटाळा तिथे सहसा दिसतच नाही.